शुल्क भरायला ४४ रुपये, फळ थंड करायला किती? निर्यातीचा निधी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, भारत सरकार,
मा. मुख्यमंत्री आणि मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि निर्यातीच्या योजनांच्या फायली ज्यांच्या टेबलावरून जातात ते सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आपली मंडळी नागपुरात येतात, तेव्हा आमचा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळी पीक, तोडणीला आलेला असतो. मग आमदार निवासात, रविभवनात, मंत्र्यांच्या बंगल्यांवर संत्र्याच्या पेट्या पोहोचतात. त्यातल्या काही आमच्या काटोलकडच्या असतात. मीही पाठवल्या आहेत, खोटं कशाला बोलू. पेटीतलं फळ आदल्या दिवशी तोडलेलं, एकेक हातानं निवडलेलं असतं. आपण सोलता, साल अलगद सुटते, खोलीभर वास पसरतो आणि कुणीतरी म्हणतं, "याला जगात तोड नाही." ते खरंच आहे. पण त्या पेटीमुळे एक गैरसमजही होतो. फळात काही खोट नाही, म्हणजे अडचण फक्त भावाची आहे आणि थोडे पैसे टाकले की ती सुटेल, असं आपल्याला वाटू लागतं. तोडणीनंतर दहाव्या दिवशी ते फळ कसं दिसतं, हे त्या पेटीत कधीच नसतं.

मी कोण, हे सांगायला हवं. सासऱ्यांनी लावलेली साडेसहाशे झाडं आणि गावातल्या १४० शेतकऱ्यांच्या कंपनीचं ग्रेडिंग-वॅक्सिंगचं केंद्र, एवढा माझा संसार. हंगामात तीस-पस्तीस बाया केंद्रावर कामाला असतात. निर्यातदार म्हणवून घेण्याइतकी मी मोठी नाही. आमचा बहुतेक माल कोलकात्याचा व्यापारी उचलतो आणि तो पेट्रापोल-बेनापोल नाक्यावरून बांगलादेशात जातो. निदान जायचा. स्वतःच्या हिमतीवर दुबईला माल पाठवायचा प्रयत्न दोनदा केला. एकदा जमलं, एकदा हात पोळले. त्या दुसऱ्या वेळेबद्दल पुढे सांगते.

आधी बांगलादेश. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाच देश. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं आपल्या संत्र्यावर किलोमागे २० रुपयांच्या घरात आयात शुल्क लावलं. ते वाढत वाढत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेलं. बगीच्यात ज्या फळाला किलोला पंचवीस-तीस रुपये मिळाले तर आम्ही देवापुढे नारळ फोडतो, त्यावर नाक्यावर ८८ रुपये! ढाक्यातला माणूस आमचं फळ घेऊन खाणार तरी कसा? तिकडे जाणारा माल इकडेच तुंबला, नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात भाव पडले आणि आमच्या भागात बगीच्यांवर जेसीबी चालू लागले. पंचवीस वर्षं जपलेलं झाड मुळासकट उपटताना माणूस बोलत नाही, नुसता बघत उभा राहतो.

यावर राज्य सरकारनं २०२३ च्या अखेरीस उपाय काढला. शुल्काचा निम्मा भार, म्हणजे किलोला ४४ रुपये, सरकार उचलेल. त्यासाठी सुमारे १७० कोटींची तरतूद जाहीर झाली. आमच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे ४४ रुपये जातात कुठे, ते जरा सावकाश बघू. आपल्या तिजोरीतून निघाले, निर्यातदाराच्या खात्यात आले, शुल्कापायी त्याच्यावर पडलेल्या भाराची भरपाई झाली. शुल्क कुणाला जातं? बांगलादेशाला. म्हणजे महाराष्ट्राच्या करदात्याचा पैसा एवढी प्रदक्षिणा घालून अखेर परक्या सरकारच्या गल्ल्यात पडतो. उद्या त्यांनी १२० रुपये केले, तर आपण ६० भरणार का?

त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय येतं, हा वेगळाच विषय. आमच्याकडे पुष्कळ बगीचे दसऱ्याच्या आगेमागेच हुंडीने जातात. व्यापारी झाडांवरून नजर फिरवतो, आकडा सांगतो, विसार देतो आणि फळ त्याचं होतं. निर्यातीचे कागद त्याच्या किंवा त्याच्या पुढच्याच्या नावावर बनतात. सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याचं नाव त्या कागदांत कुठेच नसतं. मग अनुदान जाहीर झाल्याची बातमी पेपरात वाचून नातेवाईक फोन करतात, "काय मग, यंदा मजा आहे!" त्यांना काय सांगायचं?

आणखी एक, जरा बाजूची गोष्ट. २०१९ च्या सप्टेंबरात, २०२० च्या सप्टेंबरात आणि २०२३ च्या डिसेंबरात आपण कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. बांगलादेश आपल्या कांद्याचंही मोठं गिऱ्हाईक आहे. कांद्याचा राग संत्र्यावर निघाला, असं आमच्या पारावर सर्रास बोललं जातं. यात खरं किती, ते दोन्ही सरकारांना ठाऊक. पण दुकानदार कधी शटर वर, कधी शटर खाली करू लागला तर गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं, एवढं कळायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

आता दिल्लीकडे वळते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं निर्यात प्रोत्साहन मिशनला मंजुरी दिली. २५,०६० कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. मिशनची घोषणा त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातच झाली होती, हे मला माहीत आहे. तरी त्याला आकार आला तो शुल्काचा फटका बसल्यावर. आणि अग्रक्रम कुणाला, तर त्या फटक्यानं पोळलेल्या क्षेत्रांना: कापड, चामडं, हिरे-दागिने, अभियांत्रिकी माल, मासळी. याबद्दल माझी तक्रार नाही. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसलेली बाई आणि माझ्या केंद्रावर फळं निवडणारी बाई यांच्यात मी फरक करत नाही. पण अमेरिकेनं शुल्क लावलं तर तीन महिन्यांत हजारो कोटींचं मिशन, आणि बांगलादेशानं लावलं तर चार वर्षांनी निम्म्या शुल्काची भरपाई, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? आमचं फळ न्यूयॉर्कला जात नाही, म्हणून त्यावरचं शुल्क हे शुल्कच नाही का?

या मिशनचा कागद मी नीट वाचला. त्याचे दोन भाग आहेत. 'निर्यात प्रोत्साहन' हा कर्ज, व्याज आणि भांडवलाचा भाग, १०,४०१ कोटींचा. 'निर्यात दिशा' हा दुसरा, १४,६५९ कोटींचा. त्यात गुणवत्ता तपासणी, प्रमाणपत्रं, पॅकेजिंग, गोदामं, मालवाहतूक आणि बंदरापासून लांबच्या जिल्ह्यांना आतल्या वाहतुकीच्या खर्चाचा परतावा, हे सगळं आहे. वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी काटोलच्या बसस्टँडवर बसूनच लिहिलंय. मग 'परतावा' या शब्दावर नजर अडली. परतावा म्हणजे आधी तुम्ही खर्च करा, बिलं जोडा, पोर्टलवर चढवा, त्रुटी निघाली की पुन्हा चढवा आणि वाट बघा. ज्याच्याकडे वाट बघण्याइतका पैसा आहे, त्याच्यासाठी ही योजना. आमच्या कंपनीच्या खात्यात हंगाम संपल्यावर उरतं ते पुढच्या हंगामाच्या क्रेटांपुरतं. निर्यात कर्जावरची व्याज सवलत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, तेव्हा बँकेच्या मॅनेजरनं मला चहा पाजला आणि दर वाढल्याचं सांगितलं. चहा चांगला होता.

दुबईच्या त्या दुसऱ्या गाडीचं आता सांगते. कारण माझं म्हणणं काय आहे, ते तिच्यात सगळं आलंय.

संयुक्त अरब अमिरातींशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. बांगलादेशाचं दार अर्धं लागलं, तर आखाताचं उघडावं, म्हणून आम्ही एका कंटेनरपुरता माल गोळा केला. फळ देखणं होतं, आकार एकसारखा. खरेदीदारानं फवारणीच्या अंशांचा तपासणी अहवाल मागितला, तोही त्याला मान्य असलेल्या प्रयोगशाळेचा. ती दुसऱ्या शहरात. नमुना कुरिअरनं गेला, मधे रविवार आला, अहवाल सहाव्या दिवशी हातात पडला. अहवाल स्वच्छ होता. तोवर फळ शेडमध्ये क्रेटात बसून होतं. जानेवारीत आमच्याकडे रात्री गारठा असतो, पण दुपारी पत्र्याखाली घाम येतो. आमच्याकडे पूर्वशीतकरणाची खोली नाही. फळ तोडलं की काही तासांत त्याच्या पोटातली उष्णता काढून टाकायची असते, त्यासाठी ती खोली लागते. सहा-सात अंशांवर, पुरेशा दमटपणात, वॅक्स लावलेला नागपुरी संत्रा महिनाभर सहज टिकतो. उघड्यावर आठ-दहा दिवसांत देठाजवळ मऊ पडू लागतो. त्याची साल ढिली, आत हवा. सोलायला सोपी म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण प्रवासात तीच त्याच्या जिवावर उठते.

त्यानंतर कंटेनर. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, नागपुरात हवा तेव्हा मिळाला नाही, रिकामा मुंबईहून मागवावा लागला, आणि त्याचं येतानाचं भाडंही आमच्याच माथी. शेवटी माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात पोहोचला, जहाजात चढला आणि एका सकाळी खरेदीदाराचे फोटो आले. वरचा थर ठीक. खालच्या पेट्यांत देठाकडून तपकिरी डाग, मधेच हिरवी बुरशी. एक सडलं की शेजारची चार घेऊन जातं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्यानं दोन तृतीयांश मालाचे पैसे दिले, आणि तो माणूस भला होता म्हणून तेवढे तरी दिले. ते फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. काढून टाकावेसे वाटतात, मग वाटतं राहू देत.

त्या गाडीवर शुल्काचा बोजा नव्हता, तरी आम्ही हरलो. ४४ काय, ८८ रुपये अनुदान दिलं असतं तरी हरलोच असतो. फळ शेडमध्ये सहा दिवस तापत बसलं, तिथे आम्ही हरलो. आणि नेमक्या त्याच जागी सरकारचा पैसा कधी पोहोचत नाही.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आठ तासांत मुंबई गाठता येते, आनंद आहे. पण तापलेलं फळ आठ तासांत पोहोचलं, तरी तापलेलंच पोहोचतं. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात फळप्रक्रियेचा मोठा कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. तिथे चुरीला, म्हणजे बारक्या फळाला, गिऱ्हाईक मिळत असेल तर उत्तमच. मात्र रसाच्या भावात विकलेलं फळ म्हणजे निर्यात नव्हे. आमच्याकडे एक सोय काटोलला, दुसरी मिहानला, तिसरी न्हावा शेवाला आणि मधलं सगळं ताडपत्रीखाली. याला शीतसाखळी म्हणायचं असेल तर म्हणा.

सरकारी पैशातून उभं राहिलेलं एक केंद्र आमच्या भागात आहे. उद्घाटनाची कोनशिला छान आहे. पट्ट्यावर धूळ, शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद, विजेचं बिल कुणी भरायचं यावरून कुलूप. मी नाव घेत नाही, कारण तिथल्या चौकीदाराला त्रास होईल. त्याचा यात काही दोष नाही. केंद्र बांधायला निधी असतो, चालवायला नसतो. कुठल्याही अर्थसंकल्पात 'चालू ठेवणे' असं शीर्षक मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं जमू शकतं, याचा पुरावा लांब नाही, नाशिकला आहे. द्राक्षासाठी अपेडानं, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, तपासणी, कुठली पेटी कुठल्या बागेतली याचा माग. २०१० मध्ये एका संजीवकाच्या, म्हणजे वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनाच्या, अंशांवरून युरोपनं द्राक्षं अडवली, शेतकरी रस्त्यावर आले. पण व्यवस्था उभी होती म्हणून सावरता आलं. द्राक्षवाल्यांची हुशारी आहेच, मी त्यांचा हेवा करते आणि कबूलही करते. पण इतकी वर्षं एका पिकाच्या मागे सरकार सलग उभं राहिलं, हेही त्यात आहे. आमच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले. पेटीवर ते चिन्ह छापलं म्हणून नाक्यावर कुणी लवकर सोडत नाही आणि फळही एक दिवस जास्त टिकत नाही.

झाडाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे निदान दिशा बरोबर आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकाला बी नको असते. नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं बी नसलेलं वाण दिलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या स्वच्छ रोप कार्यक्रमात संत्र्याचं केंद्र नागपूरला आहे. फार चांगलं. फक्त एवढंच, की आज लावलेलं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळ देतं. मी तीन ठिकाणी बी नसलेली ५०० रोपं मागितली. एका ठिकाणी यादीत नाव लिहून घेतलं, दुसरीकडे नमुन्याला २० घ्या म्हणाले, तिसरीकडे हसले. मिशन २०३१ ला संपतं. येत्या पावसाळ्यात रोपं मिळाली, तरी मिशन संपेल तेव्हा आमची झाडं नुकती बहरायला लागलेली असतील.

तर मागण्या. लांबण लावत नाही.

बांगलादेशाच्या शुल्काची भरपाई करण्यावर पुढचा पैसा खर्च करू नका. करायचाच असेल तर तो दोनच वर्षं करा आणि निम्मा थेट सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात जाऊ द्या, माल हुंडीने गेलेला असला तरी. त्याच काळात शुल्क कमी करण्याची बोलणी सरकार-ते-सरकार पातळीवर करा. ते काम व्यापाऱ्याचं नाही, माझं तर नाहीच.

तेवढाच पैसा काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड आणि मोर्शी इथे पूर्वशीतकरणाच्या खोल्यांना द्या. पण त्याआधी सरकारी पैशातून बांधलेली किती केंद्रं खरंच चालू आहेत, त्यांची तालुकावार यादी जाहीर करा. बंद असलेली आधी चालू करा आणि विजेच्या बिलासाठी पाच वर्षांची तरतूद त्यांच्याच नावानं ठेवा. ज्यांना चालवता येत नाहीत, त्यांनी ती आमच्यासारख्या शेतकरी कंपन्यांना भाड्यानं द्यावीत. भाडं आम्ही देऊ, फुकट मागत नाही.

'निर्यात दिशा'मध्ये समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतली नाशवंत फळं अग्रक्रमाच्या यादीत घ्या. वाहतुकीचा परतावा बंदरापासून मोजू नका, पॅकिंग केंद्राच्या दारापासून मोजा आणि रिकाम्या रीफरचं येतानाचं भाडं त्यात धरा. शेतकरी कंपन्यांना यातली निम्मी रक्कम आगाऊ मिळावी. हिशेब द्यायला आम्ही तयार आहोत. आमच्या बायका घराचा हिशेब पैशा-पैशापर्यंत ठेवतात, तुमचाही ठेवतील.

हंगामाच्या चार महिन्यांत फवारणीच्या अंशांचा अहवाल नमुना दिल्यापासून ४८ तासांत मिळावा, लहान उत्पादकाला परवडेल अशा दरात, इथे नागपुरातच आणि आयातदार मान्य करतील अशा प्रयोगशाळेतून. रविवार धरून.

बी नसलेल्या रोपांची यादी आणि क्रमांक ऑनलाइन दिसावा, म्हणजे कुणाचा नंबर कधी येणार ते कळेल. सध्या तो ओळखीवर कळतो.

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या फळाचा, तोडा फेब्रुवारीत सुरू होईल. त्याआधी उत्तर मिळालं तर यंदाच त्याचा काही उपयोग होईल. यातलं काय होणार आणि काय होणार नाही, एवढं लेखी कळवलं तरी चालेल. 'नाही' हे उत्तरही आम्हाला नियोजनाला उपयोगी पडतं.

आपली,
एक संत्रा उत्पादक
काटोल तालुका, जिल्हा नागपूर

ता. क.: यंदा अधिवेशनाच्या वेळी दोन पेट्या पाठवत आहे. लाल सुतळीची आदल्या दिवशी तोडलेली. हिरव्या सुतळीची दहा दिवस आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली ठेवलेली. कृपया हिरवी आधी उघडावी, आणि उघडताना खाली वर्तमानपत्र अंथरावं.